साइडपट्टीचा हिशेब

मागच्या माघात एका रविवारी सकाळी मी फाट्यावरच्या हाटेलात चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात सहा सायकली येऊन उभ्या राहिल्या. अंगाला चिकटलेल्या काळ्या चड्ड्या, डोक्यावर भोकाभोकांच्या टोप्या, डोळ्यांवर रंगीत चष्मे. हाटेलवाला आधी दचकलाच, त्याला वाटलं मोजणीवाले आले. पोरं चांगल्या घरची होती, बोलायला गोड. अकोल्याहून आदल्या दिवशी नांदुऱ्यात मुक्कामाला आली, पहाटे उठून येरळीच्या पुलावर जाऊन पूर्णा पाहिली आणि आता परत चालली होती. त्यातला एक मला म्हणाला, "काका, हा रूट एकदम मस्त आहे. ट्रॅफिकच नाही. आम्ही मोबाइलवर टाकणार आहोत, म्हणजे बाकीचे पण येतील."

मी विचारलं, "किती वाजता निंघाले होते बाप्पा?"

"साडेपाचला."

"अन् आज वार कोणता?"

तो हसला. त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतो आहे.

मी चेष्टा करत नव्हतो. त्या घडीला माझ्या डोळ्यापुढे आमच्या गोठ्यात आढ्याला दोरीनं टांगलेली एक सायकल होती. माझ्या पुतणीची. आठवीत असताना सरकारच्या योजनेतून मिळालेली. समोर जाळीची टोपली, दांडी खाली वाकवलेली, मागं कॅरिअर. दीड वर्ष ती पोरगी रोज त्याच रस्त्यानं शाळेत गेली, ज्याला ही पोरं 'ट्रॅफिक नसलेला रूट' म्हणत होती. शनिवार सोडला तर तिची शाळा अकराची, म्हणजे ती दहाला निघायची. दहाला त्या रस्त्यावर रेतीचे टिप्पर असतात, काळीपिवळी असते, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात, आणि नांदुऱ्याला पोहोचायची घाई असलेली अर्धी दुनिया मोटरसायकलवर असते. नववीच्या पावसाळ्यात एका टिप्परनं मागून हॉर्न मारला, ती डांबराच्या खाली उतरली आणि डावा हात मोडून घेतला. दवाखान्यात तिची आई तिलाच रागं भरत होती, सायकल नीट चालवता येत नाही म्हणून. पोरगी मला म्हणाली, "मोठेबाबा, मी काई आपल्या मनानं पडली नाई. त्यानं हारन वाजवला, मी खाली उतरली, तं खाली जागाच नोती."

खाली जागाच नोती. हा सगळा लेख तेवढ्यासाठीच आहे.

आमच्या गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बांधावरून पुन्हा भांडणं लागतील, आणि त्यात मीही आहे, हे पुढं येईलच. नांदुऱ्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या अलीकडं, नऊ किलोमीटरवर गाव आहे एवढं पुरे. काळी चोपण जमीन, विहिरीला खारं पाणी. आभाळ मोकळं असलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. बाबा दिवाळी ते होळी नांदुऱ्याच्या एका जिनिंगवर कामाला जात. त्यांची सायकल चोवीस इंची, काळी, दांडीला सुतळी गुंडाळलेली. तीच सायकल सकाळी जिनिंगला जाई. संध्याकाळी ती गोड पाण्याला जाई, कारण गावच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दोन डबे, दांडीवर एक. माणूस वर बसत नसे, धरून चालत असे. खारपाणपट्ट्यात सायकल हे आधी पाण्याचं वाहन होतं, हे शहरातल्या सायकलवाल्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

मी कैची शिकलो ती त्याच सायकलवर. दांडीच्या खालून उजवा पाय पलीकडं घालायचा, उजव्या काखेत सीट, डाव्या हातात हँडल, आणि पायडल अर्धंच मारायचं. पूर्ण मारायला पाय पुरत नसत. ढोपरं फोडून घेतली, एकदा थेट उकिरड्यात गेलो. बाबांनी मारलं नाही, फक्त हँडल सरळ केलं, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून.

नांदुऱ्याला जायला तेव्हा आम्हाला दोन वाटा होत्या. एक सडकेची, खडीची. दुसरी पांदणीची. उन्हाळ्या-हिवाळ्यात आम्ही पांदणीनंच जात असू. दोन्ही बाजूंना बाभळी, बोरी, हिवर. मधून बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, आणि त्या चाकोरीत सायकल अशी पळे की हँडल धरायचीही गरज नाही. तीन शिवारं ओलांडून, एक नाला उतरून पांदण नांदुऱ्याच्या अंगाला लागायची. सावली होती. चिंचा होत्या. बाभळीचे काटेही होते, म्हणून सीटखाली पिशवीत हवेचा छोटा पंप, ट्यूबचे तुकडे आणि 'सुलोचन'ची ट्यूब. सोल्यूशन हा शब्द मी मास्तर झाल्यावर शिकलो. पाणी नसलं तर पंक्चर कुठं आहे ते ट्यूब ओठाजवळ धरून शोधायचं. ओठाला हवा कळते.

पावसाळ्यात मात्र पांदण बंद. आमची माती मडगार्ड आणि टायरच्या मधे अशी भरते की चाक फिरतच नाही. मग काडीनं खरवडायची, दहा पावलं चालायचं, पुन्हा खरवडायची. शेवटी सायकलच खांद्यावर. बाबा आखाडात दोन्ही मडगार्ड काढून माळ्यावर टाकत, ती दसऱ्याला खाली येत. एकदा अक्षय्य तृतीयेला आम्ही चौघं पोट्टे तीन सायकलींवर भेंडवळची घटमांडणी पाहायला गेलो, येरळीवरून पूर्णा ओलांडून. रात्रभर तिथंच पडलो आणि पहाटे भाकीत ऐकून परत. घटातल्या कोणत्या दाण्याचं काय झालं ते आज आठवत नाही. येताना डबलसीट पाहून पोलिसानं दोन्ही चाकांची हवा सोडली ते आठवतं.

हे सगळं लिहिताना मला सावध राहायला पाहिजे. आठवणींच्या पुस्तकात जुनं ते सगळं गोड होऊन बसतं. तसं नव्हतं. सडक नव्हती म्हणून बाळंतिणी बैलगाडीतच अडकल्या. मला डांबर हवं होतं, मी स्वतः त्यासाठी सह्या गोळा केल्या आहेत. माझं भांडण डांबराशी नाही. डांबराच्या कडेशी आहे.

ग्रामसडकेचं माप कागदावर काय असतं ते सांगतो. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. तिच्या नियमात मधल्या डांबराची रुंदी साधारण ३.७५ मीटर. पण रस्ता म्हणजे तेवढंच नसतं. सपाट मुलखात दोन्ही बाजूंच्या पट्ट्या धरून तो ७.५ मीटर असायला पाहिजे, आणि वाहनं फारच कमी असतील तर सहा. म्हणजे डांबराच्या प्रत्येक बाजूला मीटरभर ते पावणेदोन-दोन मीटर मुरमाची, दाबलेली, डांबराच्या सपाटीला टेकलेली साइडपट्टी. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर उतरायला ती, पाई चालणाऱ्याला ती, बकऱ्यांना ती, सायकललाही ती. तिचे पैसे अंदाजपत्रकात धरलेले असतात.

पुतणी पडल्यावर मी टेप घेऊन आमच्या रस्त्यावर गेलो. गावातली पोरं हसत होती, मास्तरचं डोकं फिरलं म्हणून. ती जिथं पडली तिथं डांबर मीटरटेपनं ३.६ भरलं. डाव्या बाजूला पट्टी एक हात, उजव्या बाजूला काहीच नाही. वर डांबरावर डांबर चढत गेलं, खाली मुरूम कोणी टाकला नाही, म्हणून कड वीतभर उंच. त्या वीतभर कडेवरून सायकलचं पुढचं चाक उतरलं की हँडल हातातून सुटतंच. तिच्या जागी कोणीही असतं तर पडलं असतं. पट्टीचा मुरूम काळ्या मातीत पावसानं वाहून गेला, उरलेल्या जागेवर वेडी बाभूळ आली, आणि जिथं बाभूळ नाही तिथं वखर फिरला.

हे घेऊन मी एका कार्यालयात गेलो. साहेब सभ्य होते. म्हणाले, "गुरुजी, या रस्त्यावर सायकली आहेतच किती?"

या एका प्रश्नावर मला मनापासून बोलायचं आहे, कारण तो त्या साहेबांचा नाही. तो फार जुना प्रश्न आहे. इंडियन रोड काँग्रेसनं १९६२ साली सायकलींच्या वेगळ्या वाटेबद्दल आकडे घालून दिले. गर्दीच्या तासाला मोटारी शंभर ते दोनशे असतील तर सायकली चारशे पाहिजेत, मोटारी दोनशेच्या वर गेल्या तर सायकली शंभर असल्या तरी चालेल, मग वेगळी वाट करावी. त्या काळाला ते शहाणपणाचंच होतं; मोटारी वाढल्या की सायकलवाल्याला जास्त जपावं, हे त्यात होतं. पण मोजदाद करायला माणूस कधी उभा राहतो? रस्ता बिघडल्यावर. तोपर्यंत शंभर सायकली घरी बसलेल्या असतात. माझी पुतणी आता मोजदादीत नाही, ती काळीपिवळीत आहे, मागच्या फळीवर पाय बाहेर काढून. नदीवर पूल बांधायचा की नाही हे ठरवताना किती जण पोहून जातात ते मोजत नाहीत.

आणि सायकली नाहीत असं तरी कोण म्हणतं? २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के कुटुंबांकडं सायकल होती. आता कमी झाल्या असतील, मोटरसायकली आल्या. पण ज्यांच्याकडं मोटरसायकल आली त्यांच्या घरातही ती एकाच्याच बुडाखाली असते, बाप्याच्या. बायकोला, पोरीला, म्हाताऱ्याला विचारा ते कशानं जातात.

पोरींचा आणि सायकलीचा काय संबंध आहे, हे आपल्या देशात दोनदा दिसून आलं आहे. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता चळवळीनं बायकांना सायकल शिकवली. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ते मनावर घेतलं आणि खेड्यापाड्यातल्या हजारो मजूर बायका सायकलवर बसल्या. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीचे पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अभ्यासकांनी पुढं हिशेब मांडला, तर माध्यमिक शाळेतलं मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं. शाळा जिथं तीन किलोमीटरच्या पलीकडं होती, तिथंच ती वाढ मुख्यतः दिसली. आपल्याकडंही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या मुलींसाठी सायकली आहेत, निळ्या एसट्या आहेत. चांगलंच आहे. पण एक खातं सायकल देतं आणि दुसरं खातं ती चालवायची जागा बुजू देतं. गोठ्यात टांगलेली सायकल पहिल्या खात्याच्या कागदावर लाभ म्हणून जमा आहे. दुसऱ्या खात्याच्या कागदावर ती कुठंच नाही.

आपल्याला रस्ते करता येत नाहीत असंही नाही. आपल्याच हमरस्त्यावर, पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा त्रेपन्न, अमरावती ते अकोल्याच्या दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरलं गेलं. गिनीज बुकात नोंद झाली. नांदुऱ्याचा मारुती १०५ फुटांचा, आणि विक्रम १०५ तासांचा. आमच्याकडं लोकांनी त्याचाही संबंध जोडला. पाच दिवसांत ७५ किलोमीटर. मी नऊ किलोमीटरच्या दोन्ही अंगांना मुरूम मागतो आहे. आणि समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून, मेहकर-सिंदखेडराजाकडून गेला, त्यावर सायकलला, मोटरसायकललाही, बंदी आहे. असो, त्या वेगात सायकल नकोच. पण ज्यावर सायकल चालत नाही त्याला ७०१ किलोमीटर जागा मिळाली, तर ज्यावर चालते तिथं मीटरभर मागितलं की जमिनीचं कारण पुढं येतं.

२०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात सायकलवाले साडेचार हजारांहून अधिक. हॉलंडचं नाव घेतलं की लोक म्हणतात, तिथली गोष्ट वेगळी, तो सायकलींचाच देश. मुळीच नाही. तिथंही युद्धानंतर मोटारींनी रस्ते गिळले होते. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली आणि त्यात चारशेच्या वर लहान मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर येऊन बसले, 'मुलांचे खून थांबवा' असं चळवळीचंच नाव ठेवलं, आणि तिथून पुढं सायकलीच्या वाटा झाल्या. आमच्याकडं मुलीचा हात मोडला तर आई मुलीलाच रागं भरते.

आता माझ्या घरचं सांगतो, म्हणजे साहेबांना एकट्याला झोडपल्यासारखं होणार नाही.

पांदण कुठं गेली? ती कोणी पळवून नेली नाही. नकाशावर आजही आहे, दोन तुटक रेघांत. जागेवर गेलं तर बाभळी तोडल्या, बोरी जाळल्या, आणि दर साली दोन्ही बाजूंनी एकेक तास आत सरकलं. तीन शिवारांतल्या सगळ्यांनी केलं. बाबा गेल्यावर वाटणीत पांदणीकडचं वावर धाकट्या भावाला आलं. पण त्याच्या आधी, मी नोकरीत असताना, सुट्टीत घरी आलो की वखराच्या मागं मीही होतो. दीड हात आमच्या बांधानं खाल्ला आहे आणि त्यातला निम्मा माझ्या हातचा आहे. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली, त्याआधीही एक होती. ग्रामसभेत विषय आला की सगळे म्हणतात रस्ता पाहिजे. मग मोजणीचं नाव निघालं की सगळ्यांना गुरं सोडायची आठवण येते.

मी भावाला म्हटलं, आपण आधी सोडू. तो चिडला. "दादा, तू मास्तर. तुले पेन्शन भेटते. माह्या त्या दोन तासांत किती कापूस निंघते, तुले मालूम हाय काय? अन् मी सोडलं तं बाजूवाला सोडते काय? तो तं आनखीन आत येईन."

त्याचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "तुह्याच पोरीचा हात मोडला ना गा."

"तं मी तिले सायकल चालवाले सांगतली काय? ऑटोनं जाते ना आता."

काळीपिवळीचं भाडं रोजचं आहे. ज्या दिवशी सुट्टे नसतात किंवा गाडी भरलेली असते त्या दिवशी शाळा बुडते. पोरगी गणितात हुशार आहे. दहावीनंतर अकरावीला नांदुऱ्याला घालायचं की 'पाहू', अशी घरात बोली सुरू झाली आहे, आणि खेड्यात पोरीच्या बाबतीत 'पाहू' म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्यानं हा लेख इथंच सोडावा.

म्हणून त्या रविवारच्या पोरांना मी हाटेलात बसवून घेतलं. त्यांच्यातला एकजण इंजिनिअर निघाला. मी म्हटलं, तुम्ही येता याचा मला राग नाही, उलट बरं वाटतं. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या रस्त्याला मस्त म्हणालं. पण तुम्ही जो रूट मोबाइलवर टाकणार तो रिकाम्या रस्त्याचा फोटो आहे. रविवारी साडेपाचला समृद्धीही रिकामी असेल. तुम्हाला खरंच सायकलीचं पडलं असेल तर एखाद्या मंगळवारी दहा वाजता या आणि आमच्या पोरींच्या मागं मागं नांदुऱ्यापर्यंत चला. टिप्पर आला की उतरा खाली. मग तुमच्या त्या यंत्रात जे काही नोंदवलं जातं ते साहेबांना द्या. माझी टेप त्यांना खोटी वाटते, तुमचं यंत्र वाटणार नाही. शहरातून खेड्याकडं सायकलीचा रस्ता काढायचा असेल तर तो आधी खेड्यातून शहराकडं यायला चालला पाहिजे. आमची निघायची वेळ आणि तुमची यायची वेळ जिथं जुळेल, तो रूट.

एकजण म्हणाला, "काका, मंगळवारी ऑफिस असतं."

"आमचंबी असतेच ना बाप्पा," मी म्हटलं. इंजिनिअर मात्र गप्प होता. त्यानं माझ्या टेपची मापं उतरून घेतली.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण ही वेळ पुन्हा येणार नाही. जिगावच्या धरणापायी पूर्णाकाठची गावंच्या गावं उठून नव्या गावठाणात चालली आहेत. तिथं रस्ता जुना नाही, बांध जुना नाही, कोणाचं तास आत आलेलं नाही. कोऱ्या जमिनीवर आखणी होते आहे. त्या आखणीत साइडपट्टी आत्ताच दाबून घेतली, दोन्ही बाजूंना कडुनिंब लावले, नव्या गावठाणापासून शाळेपर्यंतचा तुकडा आधी धरला, तर कोणाचा बांध मोडावा लागणार नाही. नाही घेतली तर दहा वर्षांनी तिथंही एखादा मास्तर टेप घेऊन फिरेल. गाव उठलेल्या माणसाला आणखी काय काय मागायला लावायचं, याचाही काही धरबंध असावा.

अकोल्याची पोरं अजून मंगळवारी आली नाहीत. इंजिनिअरचा फोन दोनदा आला, रस्त्याचा योजनेतला क्रमांक विचारायला. कार्यालयात माझा दुसरा अर्ज गेला आहे, मापांसकट, त्याची पोच माझ्याजवळ आहे. भावाशी महिनाभर बोलणं बंद होतं. शेवटची वेचणी झाल्यावर त्यानं पऱ्हाट्या उपटल्या, तेव्हा पांदणीकडची दोन तासं नांगरली नाहीत. मला काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. शेजाऱ्यानं अजून सोडलेलं नाही. गोठ्यातली सायकल मी खाली काढून घेतली, दोन्ही ट्यूबा चिकटून गेल्या होत्या. नव्या टाकल्या, छऱ्यांना वंगण दिलं. पोरगी संध्याकाळी अंगणात फिरवते. सडकेवर जायला तिची आई अजून नाही म्हणते.